साठ दिव्यांचे घड्याळ

(शिक्षक, ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भिंतीवर लावण्याजोगे घड्याळ आज कोणत्याही बाजारात अल्प किमतीत मिळते. खिशातील मोबाइल तर सेकंदासेकंदाची वेळ सांगतो. असे असताना घरी किंवा शाळेत घड्याळ तयार करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. विकत घेतलेले घड्याळ वेळ दाखवते. पण वेळ कशी मोजली जाते हे ते सांगत नाही. त्याचे झाकण बंद असते आणि त्याच्यामागचे ज्ञानही बंदच राहते. उलट ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने तारा जोडल्या, स्वतः आज्ञावली लिहिली आणि रात्रीच्या अंधारात साठ दिव्यांचे वलय पहिल्यांदा फिरताना पाहिले, त्याच्या दृष्टीने घड्याळ ही वस्तू पुन्हा कधीही गूढ राहत नाही. हा लाभ कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

या घड्याळाची रचना थोडक्यात अशी. साठ लहान रंगीत दिव्यांचे एक वलय, त्या दिव्यांना हुकूम देणारा एक सूक्ष्मनियंत्रक म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, वेळेचा हिशेब अखंड ठेवणारा एक स्फटिक-घटक आणि पाच व्होल्टचा वीजपुरवठा, एवढ्या चार गोष्टींवर ते उभे राहते. त्यात काटे नाहीत, दंतचक्रे नाहीत, लंबक नाही. तास, मिनिट आणि सेकंद हे तीन निरनिराळ्या रंगांचे प्रकाशबिंदू होऊन वलयावरून फिरतात.

साठ या संख्येचे नाते

साठ ही संख्या भारतीय कालगणनेला परकी नाही. आपल्या पंचांगात अहोरात्राच्या साठ घटिका, एका घटिकेची साठ पळे आणि एका पळाची साठ विपळे मानलेली आहेत. त्या हिशेबाने एक घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद होतात. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते ठरावीक वेळाने भरून बुडते, आणि बुडाले की एक घटिका झाली असे मानतात. लग्नमुहूर्त साधण्यासाठी घंगाळात तरंगत ठेवलेले ते पात्र आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेले भटजी हे दृश्य जुन्या पिढीतील अनेकांना परिचित आहे.

साठ दिव्यांचे वलय म्हणूनच दुहेरी उपयोगाचे आहे. तेच वलय मिनिटे आणि सेकंद दाखवू शकते, तसेच आज्ञावलीत थोडा फेरफार केल्यास घटिका आणि पळेही दाखवू शकते. सूर्योदय साडेसहाला झाला असे धरल्यास सकाळी साडेदहापर्यंत २४० मिनिटे होतात. त्यांना २४ ने भागले की दहा घटिका आल्या. वलयावरील दहाव्या घटिकेचा दिवा त्या वेळी उजळेल. आजोबांची घटिका आणि नातवाचे मिनिट एकाच वलयावर शेजारी शेजारी दिसतील. गणिताच्या शिक्षकाला भागाकाराचा याहून जिवंत पाठ सापडणे कठीण आहे.

वेळ कोणाची?

घड्याळ तयार करू लागताच एक प्रश्न पुढे येतो. त्यात लावायची ती वेळ कोठली? भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२.५ अंशावरील मध्यम सौर वेळेवर आधारलेली असून ती ग्रिनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. या साध्या नियमाने पाहता पणजीची स्थानिक मध्यम वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३५ मिनिटांनी मागे आहे. बेळगावची सुमारे ३२, वडोदऱ्याची सुमारे ३७, इंदूरची सुमारे २७, ग्वाल्हेरची सुमारे १७ आणि हैदराबादची सुमारे १६ मिनिटांनी मागे आहे. पणजीत घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर का येत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. तरीही मुंबई शहराने आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सांभाळली होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे असे. उज्जयिनीचे स्थान तर या इतिहासात विशेष मानाचे आहे. भारतीय ज्योतिषशास्त्राने आपली मुख्य मध्यान्हरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानले. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांनी तेथे वेधशाळा उभारली आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राटयंत्राची छाया आजही उज्जयिनीची स्थानिक वेळ सांगते, आणि तिच्यावरून प्रमाणवेळ काढण्यासाठी हिशेब करावा लागतो. आज भारतीय प्रमाणवेळेचे राखण नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. घरच्या घड्याळाला वेळ लावताना ज्या वेळेचा आधार घ्यायचा, तिच्यामागे एवढी परंपरा उभी आहे हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

एका तारेवर साठ दिवे

आता मुख्य घटकाकडे, म्हणजे दिव्यांच्या वलयाकडे वळू. एलईडी हा शब्द आता खेड्यापाड्यांत रुळला आहे. दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी तयार केला. तेजस्वी निळा प्रकाश मिळण्यास मात्र त्यानंतर सुमारे तीस वर्षे लागली. त्या कार्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबडा, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग हाती आल्यामुळे त्यांच्या मिश्रणातून हवा तो रंग मिळणे शक्य झाले.

या घड्याळात वापरायच्या दिव्याला व्यवहारात ‘डब्ल्यूएस २८१२ बी’ या नावाने ओळखले जाते. पाच मिलिमीटर लांबी-रुंदीच्या त्या चौकोनात तीन रंगांचे तीन एलईडी आणि त्यांना आवरणारा एक सूक्ष्म नियंत्रक असे सर्व सामावलेले असते. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्ही मिळून एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक छटा होतात.

साठ दिव्यांना साठ स्वतंत्र तारा लागत नाहीत. वीजपुरवठ्याच्या दोन तारांखेरीज संदेशाची एकच तार सर्वांना पुरते. हे कसे घडते, ते गावच्या पंगतीवरून ध्यानात येईल. पत्रावळींचा गठ्ठा पंगतीतील पहिल्या माणसाच्या हाती दिला की तो वरची एक पत्रावळ स्वतःपुढे ठेवतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो. शेजारीही तसेच करतो. शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येकाला आपली पत्रावळ मिळते. कोणाचे नाव पुकारावे लागत नाही. दिव्यांचेही नेमके असेच आहे. पहिला दिवा आलेल्या संदेशातील पहिले २४ अंक स्वतःकडे ठेवतो आणि उरलेला संदेश पुढच्या दिव्याकडे पाठवतो. या २४ अंकांत आठ हिरव्या रंगाचे, आठ तांबड्याचे आणि आठ निळ्याचे असतात. नंतर काही क्षण तार शांत राहिली की सर्व दिवे आपापला नवा रंग एकदम धारण करतात.

हे अंक केवळ शून्य आणि एक या दोनच प्रकारचे असतात. कवितेच्या वृत्तात जसे लघु आणि गुरू, तसेच येथे आखूड आणि लांब विद्युत्स्पंद. आखूड स्पंद म्हणजे शून्य, लांब स्पंद म्हणजे एक. एका अंकासाठी १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित अधिक काळ लागतो. साठ दिव्यांचे १४४० अंक पाठवण्यास सुमारे १.८ मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे सेकंदाचा ठिपका सरकताना पाहणाऱ्याला कोठेही खंड जाणवत नाही.

बाजारात साठ दिव्यांचे वलय बहुधा चार पाव-वर्तुळांच्या स्वरूपात मिळते. प्रत्येकात पंधरा दिवे असतात आणि ती पाव-वर्तुळे जोडून घ्यावी लागतात. शाळेच्या भिंतीसाठी मोठे घड्याळ हवे असल्यास मीटरला साठ दिवे असलेली पट्टी घ्यावी. एक मीटर परिघाच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३१.८ सेंटिमीटर येतो. त्या मापाच्या लाकडी चकतीभोवती पट्टी गुंडाळली की प्रत्येक सहा अंशांवर एक दिवा आपोआप बसतो. परीघ आणि व्यास यांच्या नात्याचा धडा येथे पुस्तकाबाहेर येतो.

वेळेचा राखणदार

हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीत सामावलेला लहानसा संगणक होय. नवशिक्यांसाठी ‘आर्डुइनो नॅनो’ जातीचा फलक सोयीचा आहे. इटलीतील इव्हरिया येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोचा उपक्रम सुरू झाला आणि त्याची रचना सर्वांना खुली ठेवण्यात आली. नॅनोवरील ‘एटीमेगा ३२८ पी’ या घटकात आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी २ किलोबाइट स्मृती असते. आजच्या मोबाइलच्या मानाने ही स्मृती नगण्य वाटेल. परंतु साठ दिव्यांच्या रंगांना अवघे १८० बाइट लागतात. कामापुरते साधन असले की अल्प साधनही पुरेसे ठरते.

मात्र वेळ मोजण्याचे काम केवळ या फलकावर सोपवू नये. अनेक फलकांवर वेग ठरवण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाऐवजी सिरॅमिकचा रेझोनेटर असतो. त्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी दिवसाच्या १४४० मिनिटांत सात मिनिटांहून अधिक चूक होते. शिवाय वीज गेली की फलक वेळ विसरतो. म्हणून ‘डीएस ३२३१’ या नावाचा स्वतंत्र घटक जोडावा. त्यात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो. ही संख्या सहज निवडलेली नाही. तिला लागोपाठ पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, आणि तोच एक सेकंद होय. वर्गात फळ्यावर हा हिशेब मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

स्फटिकाचा कंप तापमानानुसार किंचित बदलतो. हा घटक स्वतःचे तापमान मोजतो आणि त्यानुसार दुरुस्ती करून घेतो. शून्य ते चाळीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याची चूक दहा लाखांत दोन भागांच्या आत राहते. म्हणजे वर्षाकाठी फार तर मिनिटभराचा फरक पडतो. नाण्याएवढ्या सेलवर तो वीज नसतानाही वेळ मोजत राहतो. पावसाळ्यात वादळाने वीज गेली, रात्रभर अंधार राहिला, तरी पहाटे वीज येताच दिव्यांचे ठिपके आपापल्या योग्य जागी उजळतात. घड्याळ पुन्हा लावावे लागत नाही.

जोडणीतील दक्षता

येथे काही गोष्टी काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत. एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात असताना सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे धरावे. साठही दिवे तसे पेटल्यास ३.६ अँपिअर लागतील. घड्याळात एका वेळी थोडेच दिवे पेटतात, म्हणून पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर पुरतो. तरीही आज्ञावलीत प्रकाशाची कमाल मर्यादा आखून द्यावी. संगणकाच्या यूएसबीवर सगळे वलय पूर्ण प्रकाशात कधीही पेटवू नये. दिव्यांचा प्रवाह मायक्रोकंट्रोलरच्या फलकातून न नेता पुरवठ्यापासून थेट वलयाकडे न्यावा. फलक आणि वलय यांची ऋण तार मात्र एकमेकांस जोडलेली असलीच पाहिजे. ती नसल्यास संदेशाला अर्थ राहत नाही आणि दिवे भलतेच रंग दाखवतात.

पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये, वलयाजवळ, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. वीज सुरू होताना येणारा धक्का तो सोसून घेतो. त्याची धन व ऋण बाजू पाहूनच जोडणी करावी. संदेशाच्या तारेत पहिल्या दिव्यापूर्वी ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर घालावा. नॅनोऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा ‘ईएसपी ३२’ सारखा फलक घेतल्यास संदेशाचा दाब कमी पडू शकतो, कारण पाच व्होल्टवरील दिव्याला ‘एक’ ओळखण्यासाठी ३.५ व्होल्टची अपेक्षा असते. अशा वेळी मध्ये दाब वाढवणारा घटक घालावा.

दोष शोधण्याची रीतही पंगतीवरूनच समजते. तेविसाव्या दिव्यापर्यंत सर्व ठीक आणि पुढे अंधार असेल, तर गठ्ठा तेविसाव्याने पुढे दिला नाही किंवा चोविसाव्याने घेतला नाही. दोष त्या दोहोंपैकी एकात अथवा त्यांच्यामधील जोडात असणार. साठ जागा तपासण्याऐवजी एकच जागा तपासावी लागते. विचाराची ही शिस्त अंगी बाणली, तर घरातील बिघडलेल्या विजेच्या दिव्यापासून शेतावरील पंपापर्यंत सर्वत्र तिचा उपयोग होतो.

सुरक्षिततेविषयी हयगय करू नये. मुलांचे सर्व काम पाच व्होल्टच्या बाजूलाच असावे. भिंतीतील २३० व्होल्टच्या तारेला हात लावण्याचा प्रश्नच येऊ नये, म्हणून तयार चार्जरच वापरावा. सोल्डरिंग खिडकीजवळ, वारा खेळता असेल तेथे करावे आणि शिशाचा सोल्डर वापरल्यास काम संपताच हात साबणाने धुवावेत. नाण्यासारखा सेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. तो स्क्रू लावलेल्या झाकणाखालीच ठेवावा, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. वेळ राखणाऱ्या काही स्वस्त फलकांवर सेल भारित करणारी जोडणी असते. पुन्हा भारित न होणारा ‘सीआर २०३२’ सेल त्यांत घातल्यास तो फुगण्याची भीती असते. अशी जोडणी जाणकाराकडून आधी तोडून घ्यावी.

आज्ञावलीचे गणित

आज्ञावली म्हणजे यंत्राला पायरी-पायरीने दिलेल्या सूचना. तिचा गाभा अगदी लहान आहे. राखणदार घटकाकडून वेळ विचारावी, तिन्ही ठिपक्यांच्या जागा काढाव्यात, जुने दिवे विझवावेत, नवे पेटवावेत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. हे चक्र अखंड चालते.

दिव्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. माथ्यावरचा, म्हणजे बाराच्या जागेवरचा दिवा शून्य क्रमांकाचा आणि शेवटचा एकोणसाठाव्या क्रमांकाचा. सेकंदाचा आणि मिनिटाचा ठिपका आपल्याच क्रमांकावर पडतो. तासाचा हिशेब थोडा निराळा आहे. तासाला पाचाने गुणावे आणि त्यात मिनिटांचा बारावा भाग मिळवावा. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे झाली असतील, तर चार गुणिले पाच म्हणजे वीस आणि अठ्ठेचाळीस भागिले बारा म्हणजे चार. तासाचा ठिपका चोविसाव्या दिव्यावर येईल. दहा वाजून छत्तीस मिनिटांनी तो त्रेपन्नाव्या दिव्यावर असेल. दुपारच्या तेरा ते तेवीस या तासांतून बारा वजा करावेत, आणि बारा वाजता तास शून्य धरावा. वलय लावताना शून्य क्रमांकाचा दिवा माथ्यावर न येता बाजूला आला, तर वलय सोडवण्याची गरज नाही. प्रत्येक जागेत तेवढा फरक मिळवावा आणि बेरीज साठ किंवा अधिक झाल्यास साठ वजा करावेत.

पाहणाऱ्यांचाही विचार आज्ञावलीत असला पाहिजे. तांबडा आणि हिरवा हे रंग सर्वांनाच वेगळे ओळखता येतात असे नाही. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. तासाचा ठिपका तीन दिव्यांचा, मिनिटाचा दोन दिव्यांचा आणि सेकंदाचा एका दिव्याचा ठेवल्यास रंग न कळणाऱ्यालाही वेळ वाचता येते. रात्री नऊनंतर प्रकाश आपोआप मंद व्हावा, अशी सूचनाही घालावी. अंथरुणावर पडल्यापडल्या वयोवृद्धांना वेळ दिसावी, पण झोप मोडू नये, एवढाच उजेड इष्ट होय. दिव्यांवर पातळ पांढरा कागद किंवा दुधी अॅक्रिलिकचा पत्रा बसवला की त्यांची तीव्रता सौम्य होते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना बसवलेल्या शिंपल्यांतून उन्हाचा प्रकाश जसा निवून आत येतो, तसाच हा परिणाम असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत धातूचे जोड लवकर गंजतात. म्हणून काम पूर्ण झाल्यावर जोड स्वच्छ करून त्यांवर संरक्षक लेप द्यावा आणि मागची पेटी बंदिस्त ठेवावी.

मातृभाषेचे दान

या साऱ्या खटाटोपात एक आणखी मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे, आणि ती म्हणजे भाषा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना मराठी ऐकू येते ती घरात, देवळात, भजनात आणि नाटकात. यंत्र, वीज, संगणक हे विषय निघाले की ती मुकाट्याने दुसऱ्या भाषेकडे वळतात. हळूहळू त्यांच्या मनात असा समज रुजतो की मराठी ही भावनेची भाषा आहे, कामाची नव्हे. जी भाषा कामाला येत नाही असे मुलांना वाटते, ती पुढच्या पिढीच्या तोंडी टिकत नाही. ही हानी कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. ती घराघरांतून शांतपणे घडत असते.

वस्तुतः मराठीला हे काम नवे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत सिद्ध केला, आणि त्यात ग्रहगणितासारखा कठीण विषय मराठीने समर्थपणे पेलला. सयाजीराव गायकवाडांच्या वडोदऱ्यात १८९० साली कलाभवन स्थापन झाले आणि हाताने करावयाच्या विद्येला तेथे मानाचे स्थान मिळाले. ज्या समाजाच्या पाठीशी अशी परंपरा आहे, त्याने एका लहान घड्याळाचे वर्णन आपल्या भाषेत करू नये, हे योग्य नव्हे.

यासाठी इंग्रजी शब्दांशी वैर धरण्याचे कारण नाही. एलईडी, मायक्रोकंट्रोलर, रेझिस्टर हे शब्द खुशाल मराठीत नांदोत. परंतु ते जोडणारे वाक्य मराठी असावे, कारण सांगणारा विचार मराठी असावा. आज्ञावलीच्या ओळींशेजारी माणसाच्या सोयीसाठी टिपा लिहिण्याची पद्धत आहे. यंत्र त्या टिपा वाचत नाही. वाचतो तो माणूस. त्या टिपा देवनागरीत लिहिता येतात. ‘येथे तासाला पाचाने गुणले’ ही ओळ मुलाने स्वतःच्या अक्षरांत लिहिली की त्या आज्ञावलीवर त्याची मालकी सिद्ध होते. दोन वर्षांनंतर ते घड्याळ बिघडले आणि धाकट्या भावंडाने ते उघडले, तर त्याला वाट दाखवणारी भाषा त्याच्या ओळखीची असेल.

करता येण्याजोगे

अनेक शाळांतून आता साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यास प्रारंभ केला. गोव्यातही २०२१ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना हाती घेण्यात आली. कपाटात बंद पडून राहिलेले साहित्य विद्यार्थ्यांच्या हाती पडणे, एवढीच पुढची पायरी आहे. जेथे प्रयोगशाळा नाही, तेथे दोन-तीन शाळांनी मिळून एक सोल्डरिंग संच घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. गावातील रेडिओ, पंखे, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला एक दिवस शाळेत सन्मानाने बोलवावे. तारेचा जोड कसा चकचकीत आणि भरीव असावा, हे तो जितके चांगले शिकवील तितके पुस्तक शिकवू शकणार नाही. मुलींना केवळ सजावटीचे काम न देता सोल्डरिंग आणि आज्ञावली या दोन्हींत बरोबरीचा वाटा द्यावा.

काम चार टप्प्यांत वाटून घ्यावे. पहिल्या आठवड्यात एकच दिवा पेटवावा आणि त्याचे रंग बदलून पाहावेत. दुसऱ्या आठवड्यात वलय जोडून एक ठिपका फिरवावा. तिसऱ्या आठवड्यात राखणदार घटक जोडून खरी वेळ आणावी. चौथ्या आठवड्यात पेटी, मुखपृष्ठ आणि देवनागरी आकडे तयार करावेत. प्रत्येक टप्प्याला काहीतरी उजळलेले दिसते, त्यामुळे उमेद टिकते. जुने चार्जर, तारा आणि पेट्या यांचा शक्य तेथे पुनर्वापर करावा. निकामी झालेले सेल व फलक मात्र केरात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावेत.

घड्याळ तयार झाल्यावर ते कपाटात ठेवू नये. शाळेच्या ओसरीवर, वाचनालयात, पंचायतीच्या कचेरीत, जेथे लोकांची ये-जा आहे तेथे ते लावावे. त्याच्याखाली ज्या मुलामुलींनी ते केले त्यांच्या वर्गाचे नाव लिहावे. सार्वजनिक ठिकाणचे बंद पडलेले घड्याळ गावाला बेपर्वाई शिकवते; चालू असलेले घड्याळ न बोलता शिस्त शिकवते. आणि ते घड्याळ गावच्याच मुलांनी घडवलेले असेल, तर ठरल्या वेळी कचेरी उघडणे, ठरल्या वेळी वर्ग भरणे, ठरल्या वेळी सभा सुरू होणे या गोष्टींकडे मोठ्या माणसांनाही अधिक लक्ष द्यावे लागेल. मुले वेळ बरोबर दाखवीत असताना वडीलधाऱ्यांनी ती चुकवणे शोभणार नाही.

साठ दिव्यांचे हे वलय जोडण्यास चार आठवडे लागतात. शिक्षकांनी आणि पालकांनी तेवढा वेळ मुलांना द्यावा, एवढीच विनंती आहे.